सहादूच्या चपला

माझा भाऊ सहादू हार्टने गेला असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हार्टने नाही गेला तो. खाटेने गेला. घरच्यांनी पाच वर्षं त्याला खाटेवर बसवून ठेवलं, गोडधोड चारलं आणि प्रेमाने मारलं. वैऱ्याने मारलं असतं तर पोलिसात तरी गेले असते. प्रेमाने मारणाऱ्याचं काय करायचं, सांगा मला.

मी मालन, त्याची थोरली बहीण. नाशिकरोडच्या एका शाळेत झाडलोट करायचे. नवरा लवकर वारला, म्हणून सहादूच्या कॉलनीतच, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली होती. तोंडाने मी फाटकी आहे, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. मला त्याची लाज नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सिन्नरकडचं गाव सोडलं. आधी खडी फोडली, मग सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या खात्यात लागला. काम काय, तर कोळसा वाहणारा रबरी पट्टा असतो लांबच्या लांब, त्याच्या कडेकडेने चालत राहायचं. पट्ट्याखाली फिरणारे रूळ असतात. कुठला रूळ कुरकुरतोय, कुठं कोळसा सांडतोय, ते बघायचं आणि सांगायचं. पाळीभर चालायचं काम. दुसरे लोक त्या कामाला कंटाळायचे, आणि आमच्या सहादूला तेच आवडायचं. सुट्टी झाली की बाकीचे बस धरायचे, हा चालत घरी यायचा. म्हणायचा, "आक्का, बसमधी बसून मला मळमळतं. पाय कशाला दिलेत मग?" अंगाने काडी. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. वाईट खोड एकच, बिडी. दिवसभर नाकातोंडात कोळशाची भुकटी आणि वरून बिडीचा धूर. सकाळी खोकायला लागला की शेजारपाजार जागा व्हायचा.

ऐंशी सालचा उन्हाळा. पाळी संपवून घरी येताना रस्त्यातच तो खाली बसला. घामाने निथळलेला, डावा हात धरून. मागून येणाऱ्यांनी उचलला, केंद्राच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला. वाचला. कॉलनीत जो तो म्हणायचा, "ह्या काडीला हार्ट? हार्ट तर शेठ लोकांना येतं!" जणू काही हार्ट येताना पाकीट तपासून येतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर उभं केलं. मी, सहादूची बायको लता, आणि लताचा भाऊ गेणू. हा गेणू एका कचेरीत हिशेबाचा कारकून. खिशाला दोन पेनं. घरात शिकलेला तेवढाच, म्हणून त्याचा शब्द म्हणजे कायदा. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे पूर्ण आराम. मग रोज थोडं थोडं चालवा, हळूहळू वाढवा. तूप-लोणी बंद, बिडी बंद." मी ह्या कानांनी ऐकलंय. गेणूनेही ऐकलं. पण त्याच्या डोक्यात 'आराम' शिरला आणि दार लावून घेतलं, 'चालवा' बाहेरच राहिलं.

आता तुपाची गंमत ऐका. आमच्या घरात तूप होतं कधी? भाकरी, कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी, कधीमधी भाजलेला बोंबील, हे आमचं जेवण. ज्याने जन्मात तूप चाखलं नाही त्याचं तूप बंद झालं! तेवढ्यावर राहतं तरी ठीक होतं. पण गेणूला वाटलं, आजारी माणूस, ताकद यायला काहीतरी तुपासारखं पोटात जायला हवं. म्हणून त्याने वनस्पतीचा डबा आणला. "मालनताई, हे तूप नाही. हे झाडपाल्याचं आहे. जनावराचा संबंध नाही. डॉक्टरांना चालतं." कुठल्या डॉक्टरला विचारलं, मुडद्या? कुणालाच नाही. झालं, त्या दिवसापासून शिरा वनस्पतीत, भात वनस्पतीत, पोळीला वनस्पती. शेंगदाण्याला चरबी असते म्हणून चटणी बंद. बोंबलाने पित्त होतं म्हणून बोंबील बंद. बिडी सोडवली, ते बरं केलं. पण बसल्या जागी तलफ आली की तो चिडायचा, म्हणून लतानेच मशेरी हातात दिली. "दाताला तर लावायची आहे आक्का, धूर थोडाच जातो छातीत?" रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसलं.

आणि खाट. बाई गं, ती खाट! दारासमोरच टाकलेली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं की एकच बोलायची रीत आहे. बिस्किटचा पुडा उशाशी ठेवायचा आणि म्हणायचं, "हलू नको बरं, पड पड." सहादू उठून बसला तरी, "पड पड." पाणी प्यायला उठला तरी, "अरे, तू कशाला उठलास?" सगळी गल्ली त्याची राखणदार झाली. वीजकेंद्रातून साहेबाचा निरोप आला, हलकं काम देतो, पाठवा. गेणूने परस्पर कळवलं की दाजींची तब्येत नाजूक आहे. अर्ज करून करून रजा वाढवली आणि शेवटी नोकरीच सोडायला लावली. लता शिवणकाम करायची, गेणू वरून हातभार लावायचा. ते मी नाकारत नाही. तो हातभारच तर नडला. ज्याचं मीठ खातो त्याला 'नाही' कसं म्हणायचं?

सहादू सुरुवातीला हसायचा. मग भांडायचा. मग एक दिवस उठला आणि सरळ चालू पडला, नदीच्या बंधाऱ्याकडे. नोकरीवर परत जायचं म्हणून त्याने टायरच्या तळाच्या नव्या चपला करून घेतल्या होत्या, त्या घालून. अर्ध्या वाटेत गेणूने गाठलं आणि सायकलच्या डबलसीटवर बसवून परत आणलं. चाळीस वर्षांचा बाप्या, हरवलेल्या शेळीसारखा गल्लीतून आणला! बायका दारात उभ्या राहून हळहळत होत्या, "मरायची हौस आलीय का ह्याला?" सहादू खाली मान घालून बसला होता. तसा त्याला मी दुष्काळातही बघितला नव्हता. त्याच संध्याकाळी गेणूने त्या चपला ट्रंकेत घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली लताच्या कमरेला दिली.

मी लताला धरून विचारलं, "अगं, नवरा आहे का कोंबडं, डालून ठेवायला?"

ती रडायला लागली. "चालतानाच पडला होता ना तो, आक्का! घरातून चालत गेला आणि जीपमधून दवाखान्यात पोचला. तुम्ही नव्हता तेव्हा. मी बघितलंय त्याचं तोंड."

तिचं भय खोटं नव्हतं. म्हणून तिच्यावर मला पुरतं रागावता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

त्र्याऐंशी साली सहादूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तोंड सुजायचं, वास यायचा. सुटलं होतं ते पोट तेवढं, हातपाय काडीच. मी म्हटलं, दात तर दाखवू. रिक्षातून न्यायचं कबूल केलं तेव्हा कुठे परवानगी मिळाली. नाशिकरोडला मुंबईहून शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई नव्याने बसत होत्या. मी त्यांच्याकडेच नेलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी तोंड बघितलं, छाती तपासली, रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. कागद आल्यावर आम्हाला बोलावलं. गेणूही आला, पेनं लावून.

बाई म्हणाल्या, "कोलेस्टेरॉल एकूण एकशे ऐंशी आहे."

"म्हणजे नॉर्मल!" गेणूने मांडीवर थाप मारली. "बघा मालनताई. आमच्या पथ्याचा गुण."

"थांबा जरा. एकूण बेरीज ठीक आहे. पण त्यात एक चांगलं कोलेस्टेरॉल असतं, ते चाळिसाच्या वर तरी हवं. ह्यांचं सव्वीस आहे. माझ्या मते हेच काळजीचं आहे."

मी विचारलं, "चांगलं म्हणजे काय करतं ते?"

"रक्ताच्या नळ्यांना आतून चरबी चिकटते. ती उचलायची, यकृताकडे न्यायची, तिथून ती बाहेर पडते. साफसफाईचं काम समजा. आणि नळीच्या भिंतीला आतून सूज येते, आग होते, ती शमवायलाही ते मदत करत असावं. ह्यातलं अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, पण शोध त्या दिशेने चाललाय."

"म्हणजे झाडलोट करणारं?"

"हो, तसंच."

"आणि त्याला चांगलं म्हणतात?"

बाई गोंधळल्या. मी म्हटलं, "नाही, मी शाळेत झाडते. मला कुणी म्हटलं नाही अजून." सहादू किती तरी महिन्यांनी खो खो हसला. हसता हसता खोकला लागला त्याला.

"मग ते कमी का झालं?" मी विचारलं.

"बिडी ओढत होते, ती एक. दुसरं, बसून राहणं. चालणाऱ्याचं ते वाढतं, बसणाऱ्याचं उतरतं. ते वनस्पतीही बंद करा, तेलच घट्ट केलेलं असतं ते, माझा त्यावर विश्वास नाही. त्यापेक्षा शेंगदाणे द्या मूठभर. आणि ह्या हिरड्या बघा. मशेरीने सडल्यात. अंगात कुठेही अशी आग धुमसत राहिली तर त्याचा ताप सगळ्या शरीराला असतो, हृदयालाही असणार. मशेरी बंद, दातांवर इलाज आणि रोज चालणं. सपाट रस्त्यावर, हळूहळू. दुखलं तर थांबायचं, ही गोळी जिभेखाली ठेवायची."

इतकं लख्ख सांगितलं त्या माउलीने. बाहेर आल्यावर गेणू काय म्हणाला माहीत आहे? "बाई नवीन आहेत. बेरीज बरोबर आहे ना? झालं तर. बेरीज जुळल्यावर आतली एकेक रक्कम कोण उकरत बसतो?" जन्मभर ताळेबंद जुळवणारा माणूस तो. त्याच्या लेखी सहादूचं रक्तही जुळलं होतं.

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी जायची, लताच्या कमरेची किल्ली घ्यायची, चपला काढायची आणि भावाला घेऊन निघायची. पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. तो दम खायला थांबायचा, मीही थांबायची, शिव्या घालायची. "चल रे, काय म्हातारा झालास काय!" माझ्या पदराला शेंगदाणे बांधलेले असायचे, ते खात खात आम्ही जायचो. पावसाळा सरता सरता तो बंधाऱ्यापर्यंत जायला लागला. तिथून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिकडे बघत तो म्हणाला, "आक्का, माघारी घेतील का गं मला? पट्ट्यावर नको. नुसतं फाटकावर उभा राहीन." मी म्हटलं, "घेतील की. न घेऊन सांगतात कुणाला." त्याचा चेहरा उजळला होता. मशेरी सुटली नव्हती, पण कमी झाली होती. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, मला कुणी कागद दाखवायची गरज नाही.

मग एक दिवस बंधाऱ्यावर त्याला जरा दुखलं. बाईंनी सांगितलं होतं तसं बसलो, गोळी ठेवली, थांबलं. आम्ही सावकाश घरी आलो. पण कुणीतरी बघितलं होतं आणि आमच्या आधी बातमी पोचली होती की सहादू पडला. लता दारातच किंचाळली. गेणू कचेरीतून धावत आला आणि सगळ्या गल्लीसमोर मला म्हणाला, "मालनताई, तुम्ही माझ्या बहिणीला विधवा करणार!"

रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार वडीलधाऱ्यांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "मालनबाई, आता ह्यात पडू नका. त्याचं घर आहे, बायको आहे, शिकलेला मेव्हणा आहे." समोर बाबासाहेबांचा फोटो. मी म्हटलं, "ह्या फोटोखाली बसून तुम्ही मला गप्प राहायला सांगता? एका शिकलेल्या बाईनेच सांगितलंय, चालवा म्हणून. ती काय भगत आहे?" कुणी माझ्याकडे बघेना. लता मान खाली घालून बसली होती. ट्रंकेची किल्ली गेणूच्या खिशात गेली. तरी मी जात राहिले, तर मला दारातूनच, "झोपलाय तो." माझा आवाज ऐकून तो आतून हाक मारायचा, आणि लता म्हणायची, झोपलाय.

पंच्याऐंशीच्या थंडीत, एका दुपारी, शेजारची भागीबाई शाळेत पळत आली. मी झाडू तिथेच टाकला. सहादू खाटेवर गेला होता. जेवून पडला आणि गेला. त्याला खाटेवर नीट निजवायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. धड आडवं, आणि दोन्ही पाय खाली सोडलेले, जमिनीवर टेकलेले. चपला चाचपत असावा तसे.

चालला असता तर वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनीही तसं वचन दिलं नव्हतं. पण चालता चालता गेला असता. बंधाऱ्यावर वारा खात गेला असता.

सहादूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणाचा सगळा खर्च गेणूने उचलला. बुंदी करायची ठरली होती. मी मागच्या अंगणात गेले तर चुलीशेजारी वनस्पतीचा नवा डबा, झाकण कापलेला. माझं डोकं फिरलं. मी डबा उचलला आणि उपडा केला. थंडीचे दिवस. सांडलंसुद्धा नाही मेलं. गोठून पांढराफटक दगड होऊन डब्यातच बसून राहिलं. मी हलवतेय, आपटतेय, तरी पडेना. सगळे बघत होते. मी ओरडले, "बघा! बघा, हे घातलंत तुम्ही त्याच्या अंगात!" गेणू पुढे आला. "ताई, मी त्याच्या भल्यासाठीच केलं हो." त्याचे डोळे भरले होते. ते बघून तर मला जास्तच संताप आला. भल्यासाठीच केलंस रे. त्याचंच तर दुःख आहे.

निघताना लताने चपला आणून माझ्या हातात दिल्या. "तुम्ही न्या आक्का. मला बघवत नाहीत." टायरचा तळ कुठे झिजतो? अंगठ्याची जागा तेवढी जरा दबली होती.

मी त्या घराशी बोलणं टाकलं. लता कधी भेटली तर बोलायचे, गेणूशी नाही. अठ्ठ्याऐंशी साली भागीबाईच सांगत आली, गेणूला हार्टचा झटका येऊन गेला. दवाखान्यातून घरी आणलाय. मी म्हटलं, बरं झालं. हो, म्हटलं. खोटं कशाला बोलू? रात्री भाकरी गिळली नाही, ते वेगळं.

महिनाभराने लता माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. म्हणाली, "आक्का, त्याच्या बायकोने दारासमोर खाट टाकलीय. सगळे येऊन पड पड म्हणतात. तो काही बोलत नाही, नुसता पडून राहतो. मी सांगितलं तर माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही चला."

"मी कशाला? माझा कोण लागतो तो?"

ती हलली नाही. उंबऱ्याबाहेर तशीच उभी. मग मी फळीवरच्या चपला काढल्या, फडक्याने पुसल्या आणि निघाले.

खाट दारासमोरच होती. उशाशी बिस्किटचे पुडे, वाटीत शिरा. गेणू मला बघून उठायला लागला तर त्याची बायको म्हणाली, "पडा पडा."

मी विचारलं, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आराम करा म्हणाले, ताई."

"किती दिवस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तीन आठवडे," म्हणाला. "मग हळूहळू चाला म्हणाले."

"झाले तीन आठवडे?"

"झाले."

मी चपला त्याच्या पायांसमोर टाकल्या. त्याने ओळखल्या. कुलूप त्यानेच लावलं होतं, ओळखणार नाही तर काय. तोंडावर हात घेऊन तो हमसून रडायला लागला. बायको माझ्या अंगावर धावली, "त्यांना रडवू नका हो, हार्टचे पेशंट आहेत!"

"रडू दे. रडून कुणी मेलं नाही. ऊठ रे."

तो उठला. पाय आत घातले. सहादूचा पाय बारीक, ह्याचा रुंद. दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "ताई, चावतात."

"चावू दे," मी म्हटलं. "चल."